खिडकीतलं हिरवं कार्ड

बुधवार, १७ मे
सकाळचे साडेसात

प्रिय ताई,

नमस्कार. प्रवासाचा शीण गेला असेल, दोन घास नीट खात असशील अशी आशा करते. मी बरी आहे. ऑफिसातले सगळे बरे आहेत. उन्हाचं विचारू नकोस, आत्ताच टेबलाला हात लावला तर भाजतोय.

दोन मिनिटांवर बाबांच्या घरी उतरलीयस आणि ही बया पत्र काय लिहीत बसलीय, असं वाटेल तुला. पण समोर आले की तू मला जवळ घेतेस आणि म्हणतेस, "तू होतीस म्हणून बाबांना एकटं वाटलं नाही." मग माझी दातखीळ बसते. काल तीनदा बसली.

तर आधी कामाचं. आज दुपारी चारला मंडळाची सभा आहे. तुझे बाबा, आमचे सर, गेले; त्यांच्या जागी मला अध्यक्ष करायचं ठरलंय. ऑफिसच्या किल्ल्या तू माझ्या हातात द्यायच्या आहेत. पुढे वॉर्डाच्या निवडणुकीलाही मीच उभं राहावं म्हणतात. सभेपुढचा दुसरा विषय पोस्टमनकाकांना मंडळातून काढून टाकण्याचा. तुमच्या गल्लीची सकाळची फेरी त्यांच्याकडे होती, हे तुला माहीत आहेच.

मी मंडळात आले ती शिक्षा म्हणून, हे सरांनी तुला कधी सांगितलं का? पंधरा वर्षांची होते. वर्गात बडबड केली म्हणून म्हणाले, "भिंगरे, एवढी बोलतेस ना, मग चल, ज्यांच्याशी कुणी बोलत नाही त्यांच्याशी बोल." एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची दारं वाजवायची आणि पाणी मागायचं. तहान असो वा नसो. माणूस उठतो कसा, हात थरथरतो का, घरात धुतलेलं भांडं आहे का, सगळं त्या एका पेल्यात कळतं म्हणायचे. बारा घरं, बारा पेले. पोटात पाणी डुचमळत घरी जायचे. आई म्हणायची, "समाजसेवा करतेस की टाकी भरतेस?"

विसाव्या वर्षी मी सरांना सांगितलं, जन्मभर हेच करणार. ते म्हणाले, "जन्मभराचं नंतर बघू. उद्या सातला ये."

पुढे बाराची दोनशे घरं झाली. घरोघरी पाणी पीत बसलो तर दुपार व्हायची. कार्डांची कल्पना माझी. म्हाताऱ्यांनी उठल्यावर खिडकीत हिरवं कार्ड लावायचं, संध्याकाळी काढायचं. कार्ड दिसलं की आपण पुढे जायचं, नाही दिसलं तरच दार वाजवायचं. सर भडकले. "कार्डाला ताप येत नाही," म्हणाले. आणि स्वतःच्या खिडकीत काही केल्या लावेनात. मग काका रोज दार वाजवायचे, रोज पाणी मागायचे, अर्धा अर्धा तास गप्पा हाणायचे. फेरीच्या वहीत कार्ड दिसलं की हिरवी खूण, नाही तर लाल; दोनशे घरांत लाल एकच, आणि ती संस्थापकांच्या घरापुढे. माझं डोकं फिरायचं.

मागच्या आठवड्यात सोमवारी पालिकेचे साहेब योजना बघायला येणार होते. रविवारी संध्याकाळी सर फिरायला गेलेले बघून मी त्यांच्या खिडकीला बाहेरून कार्ड चिकटवलं. चारी बाजूंनी टेप लावून. खिडकी गल्लीकडे, दार मागच्या बाजूला, आत पडदा असतो; त्यांना दिसलं नाही. म्हटलं, साहेब गेले की काढू.

काढलं नाही, ताई. साहेब खूश झाले, आणि अख्खी वही हिरवी बघून मलाही फार बरं वाटलं. काका तर म्हणाले, "सरांनी एकदाचं तुझं ऐकलं गं."

सर मंगळवारी पहाटे न्हाणीघरात पडले. काका त्या दिवशी हिरवं बघून पुढे गेले, बुधवारीही गेले, गुरुवारीही. त्यांनी नियम पाळला, माझा. गुरुवारी दहाला मी सहीसाठी गेले तेव्हा दार उघडेना. कुलूपवाला कुलूप तोडत होता. आत काय झालं असेल ते मला कळलं होतं, आणि तरी मी आधी खिडकीपाशी गेले, टेप ओढली आणि कार्ड पर्समध्ये टाकलं. तेच या पाकिटात आहे.

तुला मी सांगितलं की सर लगेच गेले. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. दीड दिवस तरी होते, म्हणाले.

वहीत हिरवं आणि खिडकीत कार्डच नाही. म्हणजे काका घरी बसून खुणा करत होते, असा मंडळाच्या चौकशी समितीचा निष्कर्ष. छत्तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही असं सांगणारा माणूस मान खाली घालून म्हणाला, "डोळ्याचं ऑपरेशन झालंय माझं. नसलेलं दिसलं असेल. चूक माझीच." मी शेजारच्याच खुर्चीवर होते. काल काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "खरंच नव्हतं का गं कार्ड?" मी म्हटलं, नव्हतं काकू.

मी बोलले तर दोनशे घरांचं काय होईल, असं सांगून सहा दिवस स्वतःचं तोंड दाबलं. थाप आहे ती. मला ती खुर्ची हवी आहे. हे सगळं लिहून झाल्यावरही हवी आहे. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

चारला सभेत उठून सगळं सांगायचं आत्ता ठरवलंय. पण माझा भरवसा धरू नकोस, जिन्यातही ठरवलंच होतं. म्हणून हे तुझ्या दाराखालून सरकवून जातेय. मी उठले नाही तर किल्ल्या देऊ नकोस. काकांना पुढच्या रांगेत बसव आणि हे मोठ्यानं वाच, दीड दिवसाचंसुद्धा. मी रडायला लागले तरी थांबू नकोस.

हे वाचेपर्यंत तुझी असलेली,
भिंगरी