एक डोळा मिटून

४ ऑक्टोबर, शुक्रवार

गेलो एकदाचा! हिने परस्पर नाव घातलं, फॉर्म भरला, माझी सहीसुद्धा स्वतःच ठोकली आणि मग मला सांगितलं. "चाळीस वर्षं कापड कापलंत, आता वर्षभर घरात बसून माझ्या डोक्यावर मिरे वाटताय. जा, चित्रं काढा." निवृत्त माणसांसाठी चित्रकलेचा वर्ग. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, दर शुक्रवारी अकराला. जिना चढूनच निम्मा वर्ग गार होतो.

आम्ही नऊ जण. माझ्या एका बाजूला बसचा ड्रायव्हर, दुसऱ्या बाजूला इस्पितळातली मेट्रन. दोघंही आता घरी बसलेली. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीपेक्षा लहान. बोलतात गोड, पण चित्र फसलं की कागद उलटा करून पुढ्यात ठेवतात.

टेबलावर किटली होती. मी काढली. बाई वाकून म्हणाल्या, "मास्तर, ही बाहेरून दुसरी रेघ कसली?"

"मार्जिन. पुढेमागे सैल करायची झाली तर."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण कान तापले होते. शिंपीपणा काही अंगातून जात नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

गृहपाठ — घरातलं माणूस काढा. आमच्या घरात काढण्यासारखं माणूस एकच. दुपारी हिला खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसवलं. "जाड काढू नका," एवढीच अट घातली आणि पाचव्या मिनिटाला पेंगायला लागली. मांडीवर ऊन, उन्हात हात. घर इतकं शांत की पेन्सिलीचा आवाज मोठा वाटत होता. हिच्याकडे इतका वेळ मी कधी बघितलं होतं? लग्नानंतर दुकान, आणि दुकानानंतर पुन्हा दुकानच.

हात बरे जमले. नाकाच्या जागी बटण झालंय.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

बाई आज म्हणाल्या, रोज समोर असतं ते आपण बघतच नाही. एक डोळा मिटा, दहा मिनिटं नुसतं बघा, मगच रेघ मारा. पटलं. बाकीचे हात लांब करून पेन्सिलीवर अंगठ्याने मापं घेत बसले होते. मी नाही घेत. गिऱ्हाईक उंबऱ्यावर उभं राहिलं की मला त्याचा गळा कळायचा. हिच्या अंगाला तर मी जन्मात टेप लावली नाही. सगळं नजरेने बेतलं आणि एक कपडा कधी उसवावा लागला नाही.

डोळा मिटायचीही सवय आहेच. सुईत दोरा ओवताना डावा मिटायचा, उजव्याने बघायचं.

१३ ऑक्टोबर, रविवार

दुपारी दोन तास. डावा डोळा मिटून बसलो. काय गंमत आहे! खिडकीची चौकट सरळ नाहीच. मधोमध जरा आत येते, दोरीवरचं ओलं कापड वाऱ्याने हलावं तशी. इतकी वर्षं या खोलीत राहतोय, कधी लक्षात आलं नाही. जशी दिसली तशी काढली. ही झोपेत काहीतरी पुटपुटली, मग हसली. कुठे गेली होती कोण जाणे.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

माझं चित्र बाईंनी वर धरून सगळ्यांना दाखवलं. "बघा, या खिडकीतून वारा येतोय." ड्रायव्हरच्या पोटात दुखलं. "आम्ही तीस वर्षं गाडी सरळ चालवली, कुणी शाबास म्हटलं नाही. यांची एक चौकट वाकडी झाली तर केवढं कौतुक!"

मी जरा फुगलोच. मग बाई म्हणाल्या, "फक्त माणूस खुर्चीत फार लहान झालंय. पुन्हा बघा."

२० ऑक्टोबर, रविवार

पुन्हा बघितलं. चित्र चुकलेलं नाही. ही लहान झाली आहे.

खुर्चीची पाठ अठरा इंच. तिच्या गादीचा अभ्रा मीच बेतला होता, म्हणून पक्कं माहीत. हिचे खांदे पंधरा. पण पाठीच्या हिशेबाने कागदावर ते साडेतेरा येतात. तीनदा काढलं, तीनदा तेच.

हिची थोरली बहीण अशीच गेली. आधी कुणालाच कळलं नाही, कळलं ते मला. वर्षभरात तिचे कपडे तीनदा आवळून दिले. "मास्तर, जरासं सैल होतंय हो," म्हणायची आणि हसायची. चौथ्यांदा आवळायची वेळच आली नाही.

मला भीती वाटते. इथे लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार?

२१ ऑक्टोबर, सोमवार

जेवताना बघितलं तर होती तशीच. पण जेवताना मी कुठे बघतो? बाई म्हणतात ते खरं आहे. खरं बघणं खिडकीतच होतं, डोळा मिटून.

२३ ऑक्टोबर, बुधवार

सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "एकदा डॉक्टरकडे जाऊन येऊ."

"कशाला? मला काय धाड भरलीय?" आणि भाजीच्या दोन पिशव्या घेऊन तीन जिने चढली. मी मागून रिकाम्या हाताने धापा टाकत.

मुलीला फोन केला. "बाबा, आई ठणठणीत आहे. तुम्हाला काही उद्योग नाही म्हणून सुचतं हे." उद्योग नाही! ह्याच उद्योगातून तर कळलं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

वर्ग सुटल्यावर मेट्रनला जिन्यात गाठलं, ही खंगतेय असं वाटतं म्हटलं. तिने सरळ विचारलं, "भूक कशी आहे? झोप?"

"दोन्ही माझ्यापेक्षा बरी."

"मग?"

"खांदे," मी म्हटलं. "दीड इंच."

ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. म्हणाली, "तपासून घ्या, मास्तर. मनात आलंय ना, मग घ्याच."

२७ ऑक्टोबर, रविवार

तेरा.

३० ऑक्टोबर, बुधवार

आता रविवारची वाट बघत नाही. दुपार झाली की हीच खुर्चीत येऊन बसते. आवडायला लागलंय तिला. गुणगुणते, मध्येच थांबते, बाहेर बघते. मी डोळा मिटतो आणि ती लांब जायला लागते. कुणीतरी तिची खुर्ची हळूच वीतभर मागे सरकवावी, तसं. पण खुर्ची जागच्या जागी असते. खोली वाढत जाते, चौकट वाकते, ऊन सगळीकडे पसरतं, आणि त्या सगळ्याच्या मध्ये ही एवढीशी. दिसतेही फार सुंदर. आधी कधी इतकी सुंदर दिसली नव्हती, आणि त्याचंच मला रडू येतं.

हाक मारली. "काय हो?" अगदी कानाशी बोलल्यासारखा आवाज आला.

"काही नाही. बस."

३ नोव्हेंबर, रविवार

थंडी पडायला लागली. हिचा जुना कोट कपाटातून निघेल आणि अंगावर लोंबेल. मग तिलाही कळेल. बहिणीने आरशासमोर कोटाच्या बाह्या वर ओढल्या होत्या, ते मी बघितलंय. हिच्यावर ती वेळ येऊ द्यायची नाही. नवा कोट शिवायचा, आजच्या अंगाला नीट बसेल असा. तिला काही कळायलाच नको.

दुकान बंद करताना एक तपकिरी लोकरीचं कापड ठेवून घेतलं होतं. काढलं. खांदा तेरा धरून खडूने आखलं. ही शेजारणीकडे गेली होती तेवढ्यात कात्री चालवली. वर्षाने! कात्रीचा तो कर्रकर्र आवाज ऐकून हात एकदम तरुण झाले.

१० नोव्हेंबर, रविवार

आज कोट दिला. ही इतकी खूश झाली की आधी वासच घेतला कापडाचा. डावा हात गेला. उजवा जाईना. मी मागून ओढतोय, ही श्वास आत घेतेय, आणि कोट पाठीवर अडकून बसलेला.

"अहो, हा कुणाचा?" हसून हसून वाकली. "कुठल्या शाळकरी पोरीचा आणलात?"

मग माझा चेहरा दिसला तिला. हसणं थांबलं. "काय झालं हो?"

सांगितलं सगळं. खांदे, बहीण, मेट्रन, सगळं. ती तशीच, एक हात अडकलेली, ऐकत उभी राहिली. मग गेली, शिवणयंत्राच्या ड्रॉवरमधून टेप घेऊन आली आणि पाठमोरी झाली. "लावा."

पंधरा. पुन्हा लावली. पंधरा.

मी खालीच बसलो. हसत होतो की रडत होतो मलाच कळेना. तिने मोकळा हात माझ्या डोक्यावरून फिरवला. "एवढं मनात घेऊन बसलात, आणि मला वाटलं चित्र काढताय."

कोट वाया गेला. चाळीस वर्षांची नजरही गेली म्हणायची. जाऊ दे, खुशाल जाऊ दे. पंधरा!

१२ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस डोळा मिटून बघितलं नाही. आज राहवलं नाही. खिडकीत ही, आणि पुन्हा तेरा. तेराही नाही, थोडं कमीच.

टेप म्हणते पंधरा. मग मला हे काय दिसतंय? अंगावर अजून आलं नसेल, आतल्या आत चाललं असेल, आणि ते मलाच आधी दिसत असेल. मागच्या खेपेलाही मलाच आधी दिसलं होतं. हिला आता काही बोलायची सोय नाही. बोललो तर घाबरेल, नाहीतर हसेल.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कोटाची गोष्ट ड्रायव्हरला सांगितली. त्याने सगळ्या वर्गाला सांगितली. बाईंनी वर्गातलीच खिडकी काढायला लावली होती. गोंगाट बंद व्हावा म्हणून म्हणाल्या, "आज गंमत करा, नेहमीचा नाही, दुसरा डोळा मिटा."

उजवा मिटला. डाव्याने बघितलं.

चौकट सरळ. पट्टीने आखल्यासारखी सरळ. डोळे बदलले. वाकली. पुन्हा बदलले. सरळ. खिडकीपाशी मेट्रन बसली होती, तिच्याकडे बघितलं. डाव्याने होती तेवढीच. उजव्याने लहान, आणि तोंडावर कुणी अंगठ्याने पेन्सिल पुसावी तसा राखी डाग.

किती वेळा डोळे बदलले कोण जाणे. मेट्रन उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, उद्याच्या उद्या डोळे दाखवा."

मंगळवारची वेळ मिळाली. हिला सांगितलंय, नंबर तपासायला जातोय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

उजवा डोळा मधोमध गेलाय. आहे तेवढा राखायला इंजेक्शनं देतील, गेलेलं परत यायचं नाही. डाव्याचा भरवसा डॉक्टर देत नाहीत. बघितलेली वस्तू लहान दिसते, रेघा वाकतात, ते सगळं ह्याच दुखण्याचं. मी एकच विचारलं, म्हणजे समोरच्या माणसात काही नसतं ना? ते म्हणाले, समोरच्या माणसाचा काय संबंध?

बाहेर बाकावर ही बसली होती. उठली. "काय म्हणाले?"

"तू ठणठणीत आहेस."

"अहो, मला कुठे तपासलं त्यांनी?"

मला इतका आनंद झाला होता की पुढचं सांगायचं राहूनच गेलं.