सौदामिनीचा शेवटचा एपिसोड

१० नोव्हें., सोम.
दुपारी मोबाइलवर हॉरर बघितला. पाचपैकी एक, तोही त्यातल्या मांजरीला. स्मशान म्हणजे नुसता निळा लाईट, धूर आणि केस सोडलेली बाई. ह्यांना कोणीतरी मणिकर्णिका घाटावर आणा रे. चिता जळतेय, बाजूला चायवाला ओरडतोय, कुत्री ऊब घेत झोपलीत, बकरी हार खातेय. भुताला उभं राहायला जागा कुठेय? आपण नाही घाबरत. शाळेचा रस्ताच तो होता आपला.
७ ला वर आप्पांच्या खोलीत ‘सौदामिनीचं सासर’. पाचपैकी शून्य. हिरोइन दिवाळीच्या आधीपासून कोमात, लिपस्टिक ताजी. तरी रोज बघतो.

१२ नोव्हें., बुध.
आप्पांच्या मुलाचा वाईहून फोन. परत चला म्हणून. आप्पांचं ठरलेलं, “मी काशीत मरायला आलोय, फिरायला नाही.” वर्ष झालं आमच्याकडे भाड्याने राहून. बाबा म्हणतात, मरायला येताना टीव्ही घेऊन येणारा हा पहिलाच.
मी विचारलं, “मग नक्की कधी, आप्पा?”
“सौदामिनी उठली, मालिका संपली, की निघालो बघ.”
“असं तोंडी नाही चालत. संकल्प सोडा.”
बाबा घाटावर लोकांची श्राद्धं करतात, ऐकून ऐकून मला सगळं पाठ. आप्पांच्या हातात पाणी दिलं, ताम्हण नव्हतं तर चहाची बशी धरली. बाबांच्या आवाजात सुरू. आनंदवने महाश्मशाने वगैरे, आणि शेवटी ठोकून दिलं, यावत् मालिकासमाप्तिः तावत् काशीवासं करिष्ये, म्हणजे मालिका संपेपर्यंतच काशीत राहीन. आप्पांनी एकदम सीरियस तोंड करून पाणी सोडलं. मग दोघं इतके हसलो की त्यांना ठसका लागला. पाठ चोळावी लागली.
मजा आली.

१७ नोव्हें., सोम.
प्रोमो आला. ‘अंतिम आठवडा.’ सौदामिनीची पापणी हलते.
मी आप्पांकडे बघितलं. आप्पा टीव्हीकडे. नंतर बशीतला चहा प्यायले नाहीत, कपानेच प्यायले. उगाच लक्षात राहिलं.

१८ नोव्हें., मंगळ.
बाबांना असंच विचारलं. कोणी मजाकमध्ये संकल्प सोडला तर?
“मजाकमध्ये म्हणजे? पाणी सोडलं?”
“समजा सोडलं.”
“मग सोडलं. ते परत हातात येतं का? कोण आहे रे तो गधा?”
म्हटलं, गोलू. माझा दोस्त गोलू तर यादव, त्याला संकल्प माहीतपण नाही. जेवण नाही गेलं. आई म्हणाली, बाहेर कचौड्या खाऊन आला असणार.

२० नोव्हें., गुरु.
आप्पांना दुसरी मालिका लावून द्यायचा ट्राय. चटक लागली तर नवीन संकल्प, सिंपल. पोलीसवाली लावली. “हा इन्स्पेक्टर बूट घालून देवघरात शिरला. बंद कर.” मग रेसिपीवाली. “पुरणपोळी आहे का चादर?” मग भुताची. आप्पा झोपले.
माझं फेवरेट होतं ते.
“सौदामिनीच बरी रे गुलामा,” म्हणाले. “सासूचा चेहरा बघ. एक भुवई वर, एक खाली. माझ्या ड्रॉइंगच्या वर्गात असती तर मॉडेल म्हणून बसवली असती.”
जिना चढताना आता मध्ये बसतात. आधी नव्हते बसत. की बसायचे, मी बघितलं नव्हतं?
गोलूला खरं सांगितलं. त्याने आयडिया दिली, “अबे, शनिवार को डिश घुमा दे, बंदरों पर डाल दे. इसमें का है?”
म्हटलं, गुरु, तू महान.

२२ नोव्हें., शनि.
लास्ट एपिसोड.
सातला दोन मिनिटं कमी असताना गच्चीवर. डिशला हात घालणार, तर टाकीवर मोठं माकड बसलेलं. दात दाखवले त्याने. मी हलू शकत नाही. खालून टायटलचं म्युझिक ऐकू येतंय. मनात म्हणतोय, आता उठणार ती सौदामिनी, आता उठणार. कुठल्याच पिक्चरला असं झालेलं नाही.
मग म्युझिक मध्येच बंद.
डिश होती तशीच. मी हातपण लावला नव्हता.
धावत खाली. टीव्ही काळा. आप्पा ताठ बसलेले, शालीखालून रिमोटचा कोपरा दिसतोय.
“माकडांनी डिश हलवली वाटतं रे,” म्हणाले.
आई वर आली, मला धपाटा घातला. “माकडं कसली, माकड हा एकच!” आप्पा खिडकीकडे बघत होते. शालीखालचा रिमोट त्यांनी हळूच अजून आत ओढला.
म्हणजे आप्पापण

२४ नोव्हें., सोम.
आईने घोळ केला. “अरे, मोबाइलवर असतो ना तो एपिसोड. दाखव की त्यांना.”
आप्पा माझ्याकडे बघायला लागले. “असतो का?”
“असतो. पण नेट नाहीये, आप्पा.”
“बरं.” लगेच म्हणाले. आणि चहा मागितला. बशीत ओतून प्यायले.

२७ नोव्हें., गुरु.
वाईहून व्हिडिओ कॉल. माझ्याच मोबाइलवर. आप्पा मुलाशी बोलले, नातीचा पडलेला दात बघितला, फोन परत दिला. मग विचारतात, “नेट आलं का रे?”
“नाही, आप्पा.”
“बरं.”
हसायला येत होतं. पण दोघंही हसलो नाही.

३० नोव्हें., रवि.
आप्पांना ताप. डॉक्टर म्हणाले छातीत कफ आहे, वय आहे, बघू. बाबा खाली येऊन हळू आवाजात आईशी बोलत होते. आप्पांच्या मुलाला फोन केला त्यांनी, तो निघतोय.
संध्याकाळी वर गेलो. आप्पांनी डोळे उघडले. “नेट?”
“नाही.”
“बरं.”
एपिसोड मी बघितलेला नाही. कोणी सांगायला लागलं तर कान बंद करतो. गोलूच्या मम्मीने बघितलाय, म्हणून त्याच्या घरी जात नाही.

२ डिसें., मंगळ.
सात वाजून गेले. वर जाऊन बसलो, टीव्ही लावला नाही. आप्पा जागे होते. छताकडे बघत होते. श्वासाचा आवाज येतोय. मी खुर्ची सरकवली, खोकलो, मोबाइल दोनदा हातात घेतला आणि ठेवला.
आज विचारलं नाही त्यांनी.
खाली येऊन हे लिहितोय. आई वरणभात घे म्हणतेय. नको. आधी परत वर जातो. मीच सांगतो, आप्पा, नेट अजून आलं नाही हं.
बरं म्हणतात का बघतो.