साबणाखालची फरशी

श्री. दाजी यांस,

तुमच्या थोरल्या मेहुण्याचा नमस्कार. पत्र पाहून घाबरू नका, इकडे कोणी आजारी नाही. मी आहे, पण तो नेहमीचाच. तुमची कंबर कशी आहे? आमच्या धाकटीचा खोकला थांबला का? (तिला म्हणावे, भावाच्या काळजीने खोकला येत असेल तर आता थांबव.) माझी छाती अजून धडधडते, पण या खेपेस आनंदाने.

मागे कळवलेच होते की आमच्या सिनेमागृहातल्या पुरुषांच्या बाथरूमची फरशी मॅनेजरसाहेब उखडणार. नवी गुळगुळीत फरशी आली की पुसायला यंत्र येणार, आणि यंत्र आले की मी घरी. घरी म्हणजे दिवसभर तुमच्या वहिनीच्या नजरेसमोर. दोन आठवडे मला जेवण गेले नाही. साहेब तोंडावर म्हणाले, "आजोबा, बावीस वर्षं पुसताय, तरी काळी ती काळीच! सोमवारी मालकीणबाई येतील, बघतील आणि कागदावर सही करतील."

मी काय काय करून पाहिले! तारेच्या ब्रशने घासले, तर ब्रशच टकला झाला. मग कोणीतरी ॲसिड सुचवले. तुम्ही फरशी बसवणारे, तुम्हाला सांगायला नको. थेंब पडताच सांध्यांतले सिमेंट फसफसू लागले आणि मला असा ठसका लागला की तिकीटवाल्याने उचलून बाहेर आणले. (तो आता सगळ्यांना सांगतो की मी पिशवीएवढा हलका आहे. असेन. पण उचलताना सांगायचे, असे बगलेत मारायचे नाही.)

शनिवारी दुपारच्या खेळाला साबणच संपला. कोठीवाला म्हणाला, "उखडायचीय ना फरशी? मग साबण कशाला?" मी रागाने नुसत्या गरम पाण्याची बादली ओतली आणि चष्मा शोधायला गेलो. चष्मा कपाळावर सापडला, पण त्यात पाव तास गेला. परत येऊन पाहतो तर सगळीकडे फेस! दाजी, साबणाचा कण टाकलेला नाही आणि फेस! मी तिथेच उलट्या बादलीवर बसलो. माझे शिक्षण चौथीपर्यंत, पण एवढे कळले की हा फेस जुना आहे. साहेब तपासणीला येतात ते दारात उभे राहून नाकाने हुंगतात. साबणाचा वास आला की काम झाले. म्हणून मी साबण दुप्पट टाकायचो आणि साध्या पाण्याने कधीच धुवायचो नाही, वास जाईल म्हणून. तोच साबण थरावर थर बसला आणि येणाऱ्याजाणाऱ्याची धूळ धरून राहिला!

मग काय, पुन्हा गरम पाणी, पुन्हा पाव तास मुरवणे, सांध्यांवरून ब्रश, आणि तो काळा रस्सा फडक्याने न फिरवता रबरी वायपरने थेट मोरीत. खालून पांढऱ्या सहाकोनी फरशा निघाल्या, मधूनमधून निळी! तेवढ्यात मध्यंतराची घंटा. दारात गर्दी. मी झाडू आडवा धरला.

"आजोबा, सोडा ना आत!"

"पाच मिनिटं. मुरतंय."

"तुमचं मुरतंय, आमचं काय?"

"तुम्हीही जरा मुरा!"

शेवटी सोडले, तर पहिल्याच माणसाने उंबऱ्याशी बूट काढून हातात घेतले. दाजी, माझ्या डोळ्यांत पाणी आले. (थोडे ॲसिडचेही असेल.)

सोमवारी मालकीणबाई दारातच थांबल्या. म्हणाल्या, "ही माझ्या सासऱ्यांनी बसवलेली. मला आजवर वाटायचं ती काळीच आहे." पेन पर्समध्ये परत गेले. साहेबांनी सवयीने हुंगले आणि कपाळाला आठ्या घातल्या, "वासच येत नाही!" मी ताठ उभा राहून म्हणालो, "साहेब, आता डोळ्यांनी तपासा." मालकीणबाई हसल्या. फरशीही राहिली, मीही राहिलो. तुमच्या वहिनीने बातमी ऐकून सुटकेचा निःश्वास टाकला, तो जरा जास्तच मोठा होता.

लहानांना आशीर्वाद, धाकटीला रागे भरू नका.

तुमचा,
थोरला मेहुणा

ता. क. : दुप्पट साबणाचे कोणाजवळ बोलू नका. मालकीणबाईंना मी 'आधीच्या माणसाचा हलगर्जीपणा' एवढेच सांगितले आहे. आधीचा माणूसही मीच, पण त्यांनी विचारले नाही.

ता. क. २ : पत्र लिहायचे खरे कारण वर राहूनच गेले. नव्या फरशीचे काम तुम्हाला द्यावे असे साहेबांच्या कानावर मीच घातले होते. (जायचेच तर घरातल्या माणसाच्या हातून जावे, असा विचार केला.) धाकटी लिहिते की तुम्ही फरशीची खोकी आणून व्हरांड्यात छतापर्यंत रचलीत. ती दुकानदार परत घेतो का पाहावे.

ता. क. ३ : न घेतल्यास तीच खोकी तुमच्या काळ्या बाथरूममध्ये वापरायचे मनात आणाल. कृपा करून काही उखडू नका! मी रविवारी ब्रश घेऊन येतो. गरम पाणी तेवढे तयार ठेवा आणि पाव तास मला कोणी हाक मारू नका.