पाटल्या आणि अमेरिकेतला शुक्रवार

मंगळवार, ४ फेब्रुवारी १९८६

सापडलं! सहा महिन्यांची वर्तमानपत्रं ओटीवर पसरली, रेडिओवरची टिपणं शेजारी ठेवली — आणि सापडलं! अमेरिका बहुतेक दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी तिथल्या रोजगाराचा अहवाल जाहीर करते. कामं घटली की सोनं चढतं! कारण साधं. कामं घटली की तिथे व्याज उतरणार, डॉलर ढिला पडणार, आणि पैसेवाले सोन्याकडे धावणार. शनिवारी मुंबईहून फोन आला की आमचा महिपत सोनार पाटीवर नवा भाव लिहितो. न्यूयॉर्क ते रत्नागिरी, एकच दोरी!

आणि मला पाटल्या विकायच्याच आहेत. कोळंबीच्या कारखान्याने बायकांना गेटबाहेर काढून तीन आठवडे झाले. मथुरेने काल आपणहून हातातल्या पाटल्या उतरवल्या. "तुमच्या भाषणावर भात शिजत नाही. तांदूळ आणा त्यांना." अशी बायको!

बुधवार, ५

गेटवर बसलेल्या बायकांपुढे दोरीचा सिद्धांत मांडला. त्यांच्यातली मालन मध्येच, "भाऊ, वहिनींचं सोनं अमेरिकेत काय करतंय?" हशा! बिल्किस म्हणाली, "तांदूळ मात्र हितला संपलाय हां, भाऊ."

गुरुवार, ६

महिपत म्हणाला, "आज भाव बरा आहे, अण्णा. देऊन टाका." मथुरेचा नियम — शुक्रवारी लक्ष्मी घराबाहेर जाणार नाही. म्हणजे आज, नाहीतर शनिवारी. मी ठणकावलं — शनिवारी! महिपत हसला. "अण्णा, तुम्ही सट्टेवाले कधीपासून?"

सट्टा नव्हे, अभ्यास!

शुक्रवार, ७

संध्याकाळी रेडिओ ओटीवर. मालन, बिल्किस आल्या. मथुरेने चहा केला. बेकारी वाढू दे, वाढू दे — माझी मूठ आवळलेली! निवेदक म्हणाला — अमेरिकेत कामं वाढली. सोनं घसरलं.

"अरेरे!" मी कपाळावर हात मारला.

मालन घाबरली. "काय झालं? माणसं मेली काय?"

"नाही गं. कामाला लागली."

मग बिल्किस हळूच, "मग त्यात वाईट काय, भाऊ?"

पंचवीस वर्षं कामगारांसाठी घसा फोडतोय. रेडिओ बंद केला.

शनिवार, ८

पाटल्या पडत्या भावात गेल्या. तांदूळ एक पोतं कमी आला.

गेटवर मी भाषणाचं पिंप सोडून बाजूला उभा राहिलो. मालन त्यावर चढली — आयुष्यात पहिल्यांदा! "अमेरिकेत बायामाणसांना कामं लागली, काल रेडिओवर सांगितलंन. मग आमचंच गेट बंद का?"

काय आवाज! टाळ्या थांबेनात. सगळ्यात शेवटी माझ्या थांबल्या.