निर्धूर चुलीला उत्तेजनार्थ बक्षीस

कर्जत, फेब्रुवारी १९८३

तीर्थरूप मामा यांस,
सहदेवचा साष्टांग नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे खोकला मला आहे आणि झोपमोड घरच्यांची. मामींचे गुडघे कसे आहेत? आई सध्या तुमच्याकडे आहे, तेव्हा तुमच्या तब्येतीची काळजी ती घेतच असेल (तुम्हाला नको असली तरी).

मध्यंतरी खालापूरला विद्यार्थ्यांची एक स्पर्धा झाली. पर्यावरण वाचेल अशी वस्तू मुलांनी स्वतः बनवायची होती. मी विज्ञान शिकवतो म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडले. नववीच्या दोन मुली पुढे आल्या. एक कोंडाण्याची मैना. चुलीच्या धुराने हिच्या आईचे, धोंडूबाईंचे, डोळे बारमाही गळतात. दुसरी मुनिरा. हिचे वडील हारूनशेठ, त्यांची जळाऊ लाकडांची वखार. दोघींनी माती आणि भाताचा तूस कालवून अशी चूल रचली, की लाकूड निम्मे लागावे आणि धूर नळीतून बाहेर जावा. हारूनशेठ मला म्हणाले, “सर, हिची चूल चालली म्हंजे माझी वखार बसली, येवढं ध्यानात ठेवा.” पण चूल खालापूरला नेली त्यांनीच, आपल्या टेंपोतून, खाली गोणपाट अंथरून आणि इतक्या सावकाश, की एक बैलगाडीवाला आम्हाला मागे टाकून गेला (जाताना ‘आत कुनी आजारी हाय का’ म्हणून विचारून गेला).

आमच्या शेजारी एका शाळेचा ‘वृक्ष वाचवा’ नावाचा थर्माकोलचा डोंगर होता. त्यावरची झाडे अगदी खरी वाटत होती, कारण त्यासाठी त्या शाळेने आपल्या दारातला आंबा छाटला होता. वर लाल-हिरवे दिवे. आमची चूल बिचारी मातकट. मैनाने ती पेटवून परीक्षकांना चहा करून दिला. मुख्य परीक्षक म्हणजे एका कारखान्याचे मोठे साहेब. ते दोन कप प्यायले, खूश झाले, आणि वाकून कौतुकाने विचारते झाले, “मग हा धूर जातो कुठे?”

मुनिरा म्हणाली, “तुमच्या कारखान्याचा जातो तिथंच, साहेब.”

तिच्या मनात काही वाकडे नव्हते. प्रश्न आला, उत्तर माहीत होते, दिले. बाकीचे परीक्षक मात्र कपाच्या तळाशी राहिलेली चहापूड बराच वेळ तपासत राहिले.

पहिला नंबर छाटलेल्या आंब्याचा. आम्हाला उत्तेजनार्थ, आणि साहेबांच्या हस्ते बक्षीस काय, तर रॉकेलचा स्टोव्ह. मैनाने तो फिरवून फिरवून पाहिला आणि हळूच विचारले, “सर, याला नळी कुठं हाय?” परतताना चौक गाव आले तसा हारूनशेठनी टेंपो कडेला घेतला. मग एकदम म्हणाले, “माझ्या पोरीला उत्तेजनार्थ?” तेव्हापासून ते वखारीत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘आधी ती चूल घाला, मग लाकडं न्या’ म्हणून सांगत बसतात. लोक ऐकतातही, त्यामुळे खप उतरला आहे, आणि त्याचा राग ते परीक्षकांवर काढतात.

धोंडूबाईंकडे आता तीच चूल आहे. पहिल्या दिवशी म्हणे त्यांनी भाकरी टाकता टाकता दोनदा वाकून पाहिले, विस्तव गेला की काय म्हणून. डोळ्यांत पाणीच येईना.

मुनिराने माफीपत्र लिहावे, असे आमच्या हेडमास्तरांचे म्हणणे पडले. ते उत्तर मी पढवले होते, असे मी सांगून टाकले. त्यांना ते लगेच पटले (माझ्या शिकवण्यावर त्यांचा विश्वास बसण्याची ही पहिलीच वेळ). विषय तिथेच मिटला.

मामींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि तुमच्या दारातल्या फणसाला चांगला बार धरो.

आपला,
सहदेव

ता. क. विषय तितकासा मिटलेला नाही. संस्थेने माझी बदली डोंगरावरच्या शाळेत केली आहे. एसटी ओढ्यापर्यंत जाते, पुढे मास्तरने जायचे. तुमच्याकडची मोठी लोखंडी ट्रंक कुणाबरोबर तरी धाडावी.

आणखी ता. क. बदली रद्द व्हावी म्हणून कुणाला भेटू नये. फक्त आईला ‘बढती’ म्हणून सांगावे, मी तिला तसेच कळवले आहे. हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवत असाल, तर पहिल्या ता. क.च्या आधीच थांबावे.