विनाड्रायव्हर गाडीचा ड्रायव्हर

३ तारीख, सोमवार
नवी पोस्टिंग. विमानतळावर दोन टर्मिनलांमध्ये धावणारी विनाड्रायव्हर गाडी. कागदावर मी प्लॅटफॉर्म मदतनीस. प्रत्यक्षात गाडी मीच चालवतो. मी "चला" म्हणतो, दारं लागतात, गाडी सुटते. आमची ही म्हणाली, अहो, ती आपली आपण सुटते. हिला टेक्निकल बाजू कळत नाही.

५ तारीख
सासरेबुवांचा फोन. चौतीस वर्षं बस चालवून रिटायर झालेला माणूस. बारा तारखेला इथेच विमान बदलणार. हल्ली काय करता, म्हणाले. तोंडातून निघून गेलं, गाडी चालवतो. खोटं नाही, थोडं सोपं करून सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच "जावईबापू" म्हणाले. एरवी "हिचा नवरा" असतो.

८ तारीख
साहेबांनी झापलं. गाडीशी बोलू नका, प्रवासी घाबरतात. दिवसभर गप्प राहिलो. तरी सगळ्या फेऱ्या वेळेवर. म्हणजे गाडीला माझं वळण लागलंय.

१० तारीख, दुपार
बारा तारखेचा प्लॅन पक्का. पहिला डबा, पुढची काच, हात मागे, नजर रुळावर. सराव केला. एका आजींनी विचारलं, ड्रायव्हर का तुम्ही? हो म्हटलं. मग गाडी उलटी का चाललीये, म्हणाल्या. मी मागच्या काचेपाशी होतो. दोन्ही टोकं सारखीच दिसतात. डिझाइनची चूक.

१२ तारीख, सकाळी ११.१०
सासरेबुवा आले. काचेपाशी उभं केलं. स्टिअरिंग शोधत होते. म्हटलं, आधुनिक गाडी, सगळं आतून असतं.

१२ तारीख, संध्याकाळ
सकाळी त्याच फेरीत गाडी पुलावर मधेच थांबली. दिवे गेले. सासरेबुवा म्हणाले, "चालवा की." म्हटलं, सिग्नल नाही. स्पीकरवर कंट्रोल रूमच्या बाईंनी विचारलं, आत आपला स्टाफ कुणी आहे का? मी उत्तराची जुळवाजुळव करतोय, तोवर सासरेबुवांनी बटण दाबून बोलायला सुरुवातही केली. मग त्यांनीच सगळ्यांना खाली बसवलं. एक बाई रडत होत्या, त्यांना घाटात बस बंद पडल्याचे किस्से सांगून हसवलं. मी खांबाजवळची मोक्याची जागा सांभाळली. कुणीतरी सांभाळायलाच हवी.

वीस मिनिटांनी गाडी सुटली. सासरेबुवांना विमान जेमतेम मिळालं. जाताना नुसतं पाठीवर थोपटलं. भारावले असावेत.

१५ तारीख
साहेबांनी एका प्रवाशाचा मेल वाचून दाखवला. "तुमच्या वयस्कर ड्रायव्हरसाहेबांचे मनापासून आभार. त्यांच्यासोबतचे गृहस्थ, जे खांबाला मिठी मारून डोळे मिटून बसले होते, त्यांची तब्येत आता बरी आहे ना?"

साहेब म्हणाले, कोण हो हे?

म्हटलं, चौकशी करतो.