दादाची कानपिळी

९ ऑक्टोबर २०१२
आज पुन्हा सुरण. कोकम घालूनही घसा खाजतोच. मूळव्याध एकट्या दादाला, सुरण सगळ्या घराला! संडासात रक्त पडतं म्हणून आई त्याला सकाळी ताक देते, जेवायला सुरण. यार्डातल्या क्रेनवर दिवसभर बसून झालंय, हे त्याचं स्वतःचं निदान. पँट सैल झालीय. डॉक्टरला दाखव म्हटलं तर, "दिवाळी होऊ दे गं बाय. तिसाव्या वर्षी काय व्हतंय?" मीही हसले. सुरणाचं दुकान काढ म्हटलं.

२२ नोव्हें.
एसटी स्टँडमागच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली. मोठ्या आतड्यात गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवलाय, पण त्यांचा चेहरा बघूनच कळलं.
"वडील कशानं गेले?"
आई म्हणाली, "पोटाच्या दुखन्यानं."
"वय?"
"छत्तीस."
त्यांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याकडे बघून, "हिलाही दुर्बिणीनं तपासून घ्या. सख्खी बहीण आहे. घराण्यात असू शकतं."
आई लगेच, "हिचं मे मधी लगीन हाय."
म्हणजे पत्रिका छापली की रोग थांबतो!

३ डिसें.
रिपोर्ट आला. कॅन्सर. इथे एकदा लिहून टाकते, घरात आई उच्चारू देत नाही. रिक्षात दादा एवढंच म्हणाला, "हे म्हाताऱ्यांचं दुखनं ना गं?" मला रडू आवरेना. रिक्षावाला आरशातून बघत होता.

२९ डिसें.
ऑपरेशन झालं. लिव्हरवरही ठिपके आहेत म्हणे. पोटाला पिशवी लावलीय, शी तीत जमते. बदलायला मी शिकले. मी बदलते तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करतो. इतका मोठा माणूस, आणि...
गल्लीत आणि ओव्याला माझ्या होणाऱ्या सासरी आईनं सांगितलंय, अपेंडिक्स.

१७ फेब्रु. २०१३
नितेशचा फोन. "अपेंडिक्सला एवढे दिवस लागतात?" पिकलं होतं, म्हटलं. होणाऱ्या नवऱ्याशी पहिलं खोटं.
लग्न मोडेल ही भीती आईची. माझी भीती वेगळी. दुर्बिणीत काही निघालं तर?
दादा रोज विचारतो, "गेलीस?"
"लग्नानंतर जाईन."
"मी पन दिवाळीनंतरच म्हनत होतो."
मी कपडे वाळत घालायला गेले.

१४ मे, ओवे
लग्न लागलं. पाहुणे पांगले, आज जरा निवांत बसले.
हळदीला अख्खी गल्ली नाचली. दरवेळी पहिला नाचणारा दादा सैल शर्ट घालून खुर्चीत. टाळ्या मात्र वाजवत होता. मला बघवेना.
कानपिळीला आईनं चुलतभावाला पुढे केलं. दादा उठला. "माझी बहीन हाय. कान मीच पिलनार." नितेशचा कान धरला तो सोडेचना. मांडव हसत होता. सासऱ्यांनी पाकीट पुढे केलं, दादानं बाजूला सारलं. वाकून नितेशच्या कानात काहीतरी बोलला. नितेशचं हसू गेलं. त्यानं मान हलवली, तेव्हा कान सुटला.
निघताना दादाला विचारलं, काय मागितलंस? "हाय काय तरी." नितेशही सांगत नाही.

२३ ऑगस्ट
परवा सकाळी दादा गेला.
लिहवत नाही.
आई भेटायला येणाऱ्यांना अजून अपेंडिक्सच सांगते. आज मी सगळ्यांसमोर ओरडले. कॅन्सर होता! बाबांनाही तोच असेल! बायका उठून गेल्या. आई माझा हात धरून म्हणाली, "तू तरी ऱ्हा गं बाय."

६ ऑक्टो.
नितेशनं मला न विचारता तपासणीची वेळ घेतली. उद्या सकाळी. मी भडकले. तुला कुणी सांगितलं?
"दादानं. कान पिळताना."
"काय म्हणाला?"
"'बापाला व्हता, मला हाय. बायला तपासायला ने. हो म्हन, मगच सोडतो.'"
म्हणजे भर मांडवात. आणि मी त्यानंतरही या माणसाला अपेंडिक्स सांगत होते.
"मग इतके दिवस गप्प का?"
"दादा अंथरुणावर असताना तू आली असतीस?"
नसते आले. आजही जायचं नाहीये. दादाचा राग आला, याचा आला, मग खूप रडले. दादाला आमच्याकडून काही घ्यायचं होतं, तर पाकीट घ्यायचं, शर्टपीस घ्यायचा.
पोट साफ करायचं औषध पितेय. खारट, ओकारी येते. उद्या काय निघेल, कोण जाणे. नितेश समोर बसलाय, ग्लास संपेपर्यंत हलत नाही. मधूनच कान चोळतो.